खार दर्याला दिली

पलीकडे मुंबईत गोऱ्यांचं निशाण उतरलं, त्या दिवशी आमच्या पनवेलीत पेढे वाटायचे की नाहीत यावरून भर बाजारात वाद झाला. मिठाईवाल्याने परात भरून ठेवली होती, पण पेढे घ्यायचे कोणत्या नात्याने? आम्हांला स्वातंत्र्य मिळालं नव्हतं, कारण आमचं कधी गेलंच नव्हतं. सगळा मुलूख एकेक करून गोऱ्यांच्या हाताखाली गेला; आमचं हे किनाऱ्यावरचं चिंचोळं राज्य तेवढं राहिलं. अलिबागेस सरकार, समुद्रात त्यांची गलबतं, आणि उत्तरेच्या टोकाला खाडीवरचं आमचं पनवेल. हे आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा अभिमान वाटून घ्यायचाही कंटाळा यायचा. शेवटी शेजारी बारसं झालं की आपण जसे घुगऱ्या खातो, तसे ते पेढे लोकांनी खाल्ले. परात रिकामी झाली आणि वाद मिटला.

आमच्या घरात मात्र पेढ्याला कुणी हात लावला नाही. आमच्यासाठी प्रश्न निराळा होता. गोरे गेले, तर आता माझा मोठा भाऊ घरी येऊ शकतो का?

हे नीट कळायचं तर आमचा नियम सांगायला हवा. राज्य तोफांच्या जोरावर टिकलं, असं शाळेत शिकवतात. मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, मीही तेच शिकवलं. बंदरावरची जुनी माणसं मात्र म्हणत की तोफा सगळ्यांकडेच होत्या. गोऱ्यांची जहाजं आमच्या खाड्यांच्या तोंडाशी आली तेव्हा आत शिरायची वाट दाखवायला त्यांना एकही तांडेल मिळाला नाही, पैशाने नाही आणि धाकानेही नाही. त्याचं कारण तो नियम. परक्या निशाणाखाली जो पगार घेईल त्याचा किनारा तुटला.

किनारा तुटला म्हणजे काय, तर त्या माणसाने राज्याच्या जमिनीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. त्याला तुरुंग नाही, दंड नाही, फटके नाहीत. घर त्याचंच राहतं, शेत त्याचंच राहतं, बायको-मुलं, आईबाप सगळे त्याचेच राहतात. तो फक्त त्यांच्याकडे येऊ शकत नाही. हा नियम ज्याने केला त्याला माणूस फार चांगला कळत होता. मला त्याचा राग येतो आणि त्याच्यामुळे आम्ही राहिलो हेही मी नाकारत नाही. दोन्ही एकदम मनात ठेवायला मला निम्मं आयुष्य लागलं.

माझे वडील पनवेल बंदरावर नाकेदार होते. आम्ही करंजाड्याच्या अंगाला राहणारे, खाडीकाठी भातशेती करणारे आगरी. बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचा, अशा शेताला आमच्याकडे खार म्हणतात. आमच्या घराण्यात सरकारी पागोटं डोक्यावर चढलं ते पहिलं बाबांच्या. मुंबईकडची होडी लागली की पायऱ्यांवर उभं राहून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पाहायचं आणि किनारा तुटलेला कुणी असेल तर त्याला तिथूनच परत लावायचं, हे त्यांचं काम. बंदरावरच्या भांडणांचा निवाडाही तेच करायचे. वाहून आलेलं लाकूड कुणाचं, यावरून कोळ्यांची कायम जुंपायची. बाबा शांतपणे ओली रेघ दाखवायचे. भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर दर्या, आणि दर्यात सरकारचा हुकूम नाही. रेघेच्या खालचं लाकूड ज्याला सापडलं त्याचं, वरचं सरकारचं. आपल्या माणसाचं लाकूड वर पडलेलं असलं तरी बाबांचा निवाडा बदलायचा नाही. लोक त्यांना मानत आणि थोडे टरकूनही असत.

आणि अशा माणसाच्या पोटी दादा. त्याला शिडात रस नव्हता, इंजिनाचं वेड होतं. आमच्या राज्याचा सगळा जीव शिडात. कोळशावर चालणारं आमच्याकडे काही नव्हतं. दूरवर धुराची रेघ दिसली की हा भाताची पेंढी हातात धरून तसाच उभा. महायुद्धाच्या काळात बोटींना माणसं हवी होती. एक दिवस तो मुंबईला गेला आणि गोऱ्यांच्या एका आगबोटीवर इंजिनखात्यात लागला. पहिला पगार घेतल्याचं त्याने स्वतःच एका नाखव्याबरोबर सांगून पाठवलं. खोटं बोलायची आमच्या घराची रीत नव्हती.

बाबांनी तो निरोप ऐकला, पागोटं घातलं आणि बंदराच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "माज्या पोराचा किनारा तुटला." दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. त्या दिवशी आईने त्यांना जेवायला वाढलं, पण ताट हातात दिलं नाही, जमिनीवरून सरकवलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात ताट सरकतच राहिलं.

ज्यांचा किनारा तुटला त्यांना भेटायची एक वाट होती. तिला आम्ही मधलं पाणी म्हणायचो. घारापुरीच्या अलीकडे, दोन्ही मुलखांच्या मधोमध, सणासुदीच्या आगेमागे होड्या जमायच्या. इकडून आम्ही, तिकडून ते. होडीला होडी लावायची, दोराने बांधायची, आणि कुणी कुणाच्या होडीत जायचं नाही. तसा नियम नव्हता, पण गेलं की परत येणं जड जातं, म्हणून जायचं नाही अशी रीत पडली होती. आई तांदळाच्या भाकरी न्यायची, सुकटीची चटणी, वालाचे दिवस असतील तर बिरडं. होडीच्या काठावरून वाकून ती दादाला आपल्या हाताने भरवायची. मध्येच लाट आली की दोन्ही होड्या फाकायच्या आणि घास हातातच राहायचा. आजूबाजूला अशा कितीतरी होड्या असायच्या. कुणी बाळ दाखवायला आणलेलं असायचं, कुणी नवऱ्याशी भांडायला आलेली असायची. घरात होतं ते सगळं तिथे व्हायचं, फक्त बसून जेवता यायचं नाही.

परतताना आई दर वेळी एकच बोलायची. "एकदा घरात जेवाला बसला पायजे, बस." बाबा मधल्या पाण्यात कधीच आले नाहीत. आमची होडी बंदरावर लागली की ते दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असायचे, पण रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या आसपास घोटाळायचे. आई त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मला सांगायची, दादा वाळलाय, दादाच्या हाताला भाजलंय, दादाने मिशी ठेवलीय. थेट त्यांना काही सांगायची नाही.

तर गोरे गेले आणि दादाच्या बोटीवर नवं निशाण चढलं. पोटदुखीने पडून असलेली आई उठून बसली. तिचं म्हणणं सरळ होतं. "गोरे परके होते. आता परका कोन ऱ्हायला?" करंजाड्यापासून रोडपालीपर्यंत जिथे जिथे असा मुलगा होता तिथे हेच चाललं होतं. पण अलिबागेस शहाणी माणसं बसली आणि त्यांनी प्रश्नाचा भुगा करायला घेतला. नवं निशाण परकं धरायचं की आपलं? ते आपलं धरलं तर मग आपलं कुठलं? प्रश्न खोटा नव्हता. दोनशे वर्षं जे जपलं ते एका सकाळी सोडून द्यायचं का, असं विचारणारी माणसं वेडी नव्हती. बाजारात दोन तट पडले. पेढे खाल्लेली माणसंच एकमेकांना घरभेदी म्हणू लागली. बाबा कुठल्याच तटात नव्हते. "निकाल येल," एवढंच म्हणायचे. "येईपातुर नाय."

निकाल येत नव्हता आणि आईच्या पोटातलं दुखणं थांबत नव्हतं. पनवेलच्या डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिलं आणि मला बाजूला बोलावून सांगितलं की गाठ आहे, आता तिला जे आवडेल ते करा. दसऱ्याला ती मधल्या पाण्यात गेली ती शेवटची. येताना तिला होडीतून उचलून घ्यावं लागलं. दिवाळीत ती खाटेला लागली.

कुणी सुचवलं, पोराला जमिनीवरून कल्याणच्या वाटेने आणा, कोण पाहतंय. बाबा म्हणाले, "चोरावानी आनायचा तर नको." मग एका दुपारी आईने, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्याकडे पाहून त्यांनाच सांगितलं, "तुमी नाकेदार हाव. एक दिस दुसरीकरं बगा." बाबा खाटेजवळ उभे होते. ते बाहेर निघून गेले. मी त्यांच्यामागे अंगणात गेले. त्या वेळी मला ते माझे वडील वाटतच नव्हते, बंदरावरचा दगड वाटत होते. मी म्हटलं, "राज्य ऱ्हाईल, बाबा. आई नाय ऱ्हायाची." त्यांनी ऐकलं आणि ते खारीकडे बघत राहिले.

कापणी झाली होती, खारीत नुसती धसकटं उभी होती. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी नाक्यावर रजा सांगितली आणि कुदळ-घमेलं घेऊन शेतात उतरले. आमची खार अगदी शेवटची, अंगणापासून थेट खाडीपर्यंत. तिच्या एका अंगाला दर्याचा मोठा बांध, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांच्या खारी आणि मध्ये गुडघाभर उंचीचा आतला बांध. बाबा तो आतला बांध उंच करू लागले. सकाळी लागायचे ते अंधार पडेपर्यंत. मला काही कळेना. आई मरायला टेकली आहे आणि हा माणूस चिखल थापतो आहे. मी त्यांना पाणी द्यायलासुद्धा गेले नाही. आतला बांध कमरेच्या वर गेला तेव्हा ते घरी आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "दादाला सांगून धाड. अवसेला भर दुपारच्या भरतीला होरी घेऊन ये म्हनावं. बंदरावर नको. हितं, आपल्या बांदाशी." मी विचारलं, बांधाशी येऊन करायचं काय? ते म्हणाले, "तू सांगून तर धाड."

अमावास्येला आमच्याकडे दुपारी मोठं उधाण येतं. त्या दिवशी सकाळी, ओहोटीचं पाणी लांब गेलेलं असताना, बाबांनी दर्याचा बांध फोडायला घेतला.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्यात बांध म्हणजे सगळं. बांधाला भगदाड पडलं तर त्याला खांड म्हणतात, आणि खांड दिसली की ज्याला दिसेल त्याने आरोळी द्यायची आणि गावातल्या प्रत्येक घराने माणूस पाठवायचा. भांडण असो, सुतक असो, लग्न असो. एक उधाण आत आलं की मीठ मुरतं आणि कैक वर्षं भात होत नाही. म्हणून कुणीतरी लांबून पाहिलं आणि आरोळी दिली, आणि माणसं धावली. बायका घमेली घेऊन, पुरुष कुदळी-फावडी घेऊन, कुणी घराच्या दाराची फळी उचकटून आणलेली. त्यांना वाटलं, आपोआप खांड पडली आणि नाकेदार एकटाच ती बुजवतोय. पहिली घमेली खांडीत पडलीसुद्धा. बाबा खांडीत उभे राहिले आणि ती माती दोन्ही हातांनी बाहेर फेकू लागले.

लोक थांबले. बांध फोडणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गावातला सगळ्यांत वडील माणूस पुढे आला, बाबांहूनही म्हातारा, आणि त्याने विचारलं, "नाकेदार, डोकं फिरलं काय तुजं?"

"आतला बांद चढवलाय," बाबा म्हणाले. "तुमच्या खारींना थेंब लागनार नाय. माजी एकल्याची जायाची."

"पन का?"

बाबांनी घराकडे हात केला. आमच्या ओट्यावर आईची खाट मी सकाळीच आणून ठेवली होती, त्यांनीच सांगितलं होतं म्हणून. "पानी ओट्यापातुर चढंल," ते म्हणाले. "जितवर पानी, तितवर दर्या. दर्यात त्याला कोनाची आडकाठी?"

तेव्हा मला कळलं. ज्या राज्याने दोनशे वर्षं वीतभर जमीन परक्याच्या हाती जाऊ दिली नाही, त्या राज्याचा नाकेदार आपली खार आणि आपलं अंगण समुद्राला देत होता, कारण त्याला नियम मोडवत नव्हता आणि बायकोला नाहीही म्हणवत नव्हतं. मी इतके दिवस मनातल्या मनात त्यांना जे जे बोलले होते ते सगळं मला आठवलं आणि रडू आलं. म्हातारा आपलं घमेलं घेऊन आतल्या बांधाकडे गेला आणि तिथे माती टाकू लागला. एकेक करून सगळे तिकडे गेले. बाबांनी चढवलेला बांध त्यांनी आणखी हातभर वर नेला.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे मनात राहणार नाही. अलिबागेचा निकाल पुढच्या ज्येष्ठात आला. नवं निशाण परकं नाही, तुटलेले सगळे किनारे सांधले, असा. माणसं वाजतगाजत घरी आली, पनवेलच्या पायऱ्यांवर दिवसभर हळदीकुंकवाचा चिखल झाला होता. आई त्या वेळी नव्हती. त्या अवसेनंतर फार दिवस काढले नाहीत तिने. आमच्या खारीत आता तिवरं माजली आहेत आणि भरतीला बोय मासा येतो. बाबांनी ती परत बांधून काढली नाही. त्यांची नोकरी तर त्याच आठवड्यात गेली होती. त्यांच्याविरुद्ध कुणी चुगली केली नव्हती. ते स्वतःच कचेरीत गेले आणि आपण काय केलं ते सांगून आले. आता कुणी म्हणेल, एवढा कायद्यात बसवून घाट घातला होता, मग सांगण्यासारखं केलं काय? ते असं झालं.

दुपारी पाणी आलं. आधी खांडीतून पाण्याची एक जीभ, मग फेस, मग सगळी खारच हलायला लागली. धसकटं बुडाली. पाणी अंगणात शिरलं, तुळशीच्या बुंध्याशी आलं, ओट्याच्या खालच्या पायरीवर चढलं आणि थबकलं. बाबा त्या पायरीकडे टक लावून उभे होते. दुसरी पायरी कोरडी राहिली. खांडीतून एक होडी आत आली आणि शेताच्या मधोमध टेकली. दादा खाली उतरला. मांडीभर पाण्यातून, मग गुडघाभर, मग घोट्याभर, असा चालत आला. ज्या खारीत त्याने लहानपणी लावणी केली होती तिच्यातच चालत होता, पण वाट अनोळखी असल्यासारखा पाय चाचपून टाकत होता. बांधावर सगळं गाव उभं होतं.

तो खालच्या पायरीवर येऊन थांबला. पाणी त्याच्या पावलांवरून जात होतं. बाबांनी सगळं बेतून ठेवलं होतं. त्याने त्या ओल्या पायरीवर बसायचं, खाट अगदी कडेला होती, आईचा हात त्याच्या डोक्यापर्यंत सहज पोचला असता. तो बसायला वाकलाही.

आईने मान वळवली. तिला नियम, रेघ, पाणी यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकून घेतलं नसतं. तिने आपल्या मुलाला ओट्याखाली चिखलात उभा पाहिला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यातली जुनी जरब तशीच होती. "तितं काय उबा ऱ्हायलास," ती म्हणाली. "पाय धू आन घरात ये."

दादाने बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बांधावरचं गाव पाहत होतं. बाबा काही क्षण कोरड्या पायरीकडे बघत राहिले, मग ओट्यावरचा पाण्याचा तांब्या उचलून खाली वाकले आणि त्यांनी दादाच्या पायांवर स्वतः पाणी घातलं. एका पायावर, मग दुसऱ्या. चिखल निघेना तेव्हा हाताने चोळून काढला. मग तांब्या बाजूला ठेवला आणि हात पुढे केला.

"वरची पायरी निसरडी हाय," ते म्हणाले. "धर."

आणि त्यांनी त्याला हाताला धरून वर घेतला.